हिरवं ते जिवंत

सविताला कशाची भीती वाटत नाही ते चटकन सांगता येईल. कशाची वाटते ते सांगायला बसलं तर दुपार मोडायची. सापाला ती भीत नाही. विंचू दिसला तर चपलेनं ठेचते आणि तीच चप्पल पायात घालून कामाला जाते. पण कुकरची शिट्टी व्हायला जरा उशीर झाला, की ही बाई स्वयंपाकघर सोडून अंगणात जाऊन उभी राहते. एस.टी.च्या ड्रायव्हरनं गाडी सुरू करताना स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला नाही, तर ती उतरून मागच्या गाडीची वाट बघते. पिठाच्या गिरणीत दळण टाकते ते दाराबाहेरूनच, हात लांब करून. वस्तीवरच्या बायका तिची नक्कल करतात आणि तीही त्यांच्याबरोबर हसते. हसता हसता कुठं एमआयडीसीचा भोंगा वाजला, की मात्र तिचं हसू तिथंच गोठतं.

ही भीती तिनं माहेरहून आणलेली. माहेर शिरूर तालुक्यातलं इनामगाव, घोड नदीच्या काठचं. तिचा आजा खंडू तरुणपणी तिथल्या खोदकामावर माती उपसायला होता. पांढरीच्या, म्हणजे मोडून पडलेल्या जुन्या गावाच्या, मातीखाली हजारो वर्षांपूर्वीची घरं निघाली होती आणि त्या घरांच्या जमिनीत रांजणात घालून पुरलेली लेकरं. आजा ते रंगवून सांगायचा. "मेलेलं लेकरू बी उंबऱ्याभाईर जाऊ द्यायचे न्हाईत गं. घरातच ठिवायचे, पायाखाली." छोटी सविता मग घरातल्या जमिनीवर पाय टाकताना बिचकायची. भिऊ नये म्हणून आजा तिला सांगे, "मी रोज कुदळीला भंडारा लावूनच खाली उतरायचो. हत्यार पुजलं की ते आपल्याला राखतं. न पुजता धरलं, की उलटतं." लेकरांना धीर द्यायला म्हातारी माणसं काहीबाही सांगतात. सविताच्या मनात ते खिळ्यासारखं बसलं.

लग्न होऊन ती दौंडकडं आली, कुरकुंभच्या अलीकडच्या एका वस्तीवर. नवरा हौसराव. नाव शोभावं असा हौशी माणूस. जेजुरीच्या यात्रेत भंडाऱ्यानं नखशिखांत पिवळा झाल्याशिवाय घरी न येणारा. तो एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत रिॲक्टरवर ऑपरेटर होता. रिॲक्टर म्हणजे घरापेक्षा उंच बंद पातेलं, ज्यात औषधाचं रसायन शिजतं. खंडेनवमीला तिथलं एकेक मशीन झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखं सजायचं, आणि सविता सासूबरोबर ते बघायला गेटपर्यंत जायची. पण एका वर्षी नवे साहेब आले. उत्पादन थांबवायचं नाही, प्लँटमध्ये नारळ-बिरळ काही चालणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. त्याच दिवाळीत त्या पातेल्याचं झाकण उडालं. हौसराव जिन्यावर होता. आतलं उकळतं रसायन त्याच्या मानेवर, खांद्यावर आणि छातीवर आलं.

चौकशीत निघालं की गार पाणी फिरवणारा पंप बंद पडला होता. सविताला हे सगळ्यांनी समजावलं. ती एकच विचारायची, "पर पंप त्याच वर्षी का बंद पडला?" याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं. तिच्याजवळ होतं, आणि ते ती घरात हौसरावालाच बोलून दाखवायची. मशीन पुजलं नव्हतं.

हौसराव वाचला. पण भाजलेली कातडी भरून येताना आक्रसत गेली. डाव्या बाजूनं हनुवटी खाली ओढली गेली, मान वळेना, आणि हळूहळू खालचा ओठही मिटेना. पाणी पिताना ओघळायचं. एवढा बोलका माणूस, पण परक्यासमोर जेवायला बसेना. वळून कुणाकडं बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मानेवरचा हा कडक पट्टा कापून मोकळा करायचा आणि तिथं मांडीची कातडी काढून लावायची. उशीर केला तर जबडा आणखी ओढला जाईल." दसऱ्याच्या आधीच त्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिली. हौसरावानं "बरं" म्हटलं. पण घरी येताना पँटवरूनच मांडीवर हात फिरवत होता, ते सविताच्या नजरेतून सुटलं नाही.

या दरम्यान सविता अनुपमा मॅडमच्या लॅबमध्ये कामाला लागलेली होती. अनुपमा मॅडम शिरूरच्या, एका मास्तरांची मुलगी. परदेशात शिकून आल्या आणि कुरकुंभला कडेचा एक छोटा गाळा घेऊन त्यांनी काम मांडलं. काम कसलं, तर माणसाची कातडी छापायच्या यंत्रासाठी दाणे करायचे. वस्तीवर हे कुणाला पटलं नाही. पण खरंच तसं होतं. कातडीतल्या जिवंत पेशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या, नुसत्या जेलीत कोंडल्या तर गुदमरून मरतात. त्यांना बसायला बारीक दाणे दिले, तर त्या दाण्यांना धरून राहतात आणि दाण्यांमधल्या फटींतून त्यांना खाणंपिणं पोचतं. मग दाणे आणि पेशींचा तो लगदा पिचकारीत भरायचा आणि यंत्रानं थरावर थर घालायचे, आपण चकली पाडतो तसे. वर निळा दिवा धरला की थर घट्ट होतो.

दाणे करायचं काम सविताचं. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवायचं, ते बारीक धारेनं कोमट तेलात सोडायचं, तेल दांड्यानं सारखं ढवळत ठेवायचं. धारेचे थेंब होतात, थेंबांचे आणखी बारीक थेंब. मग भांडं बर्फात बसवलं की ते थेंब आळतात. ॲसिटोन या चटकन पेट घेणाऱ्या द्रावणानं तेल धुऊन काढायचं, चाळायचं, सुकवायचं. हाती येते ती रव्याहूनही बारीक पांढरी भुकटी. मॅडम एका वेळच्या मालाला बॅच म्हणायच्या. सविता म्हणायची घाणा. थोड्या दिवसांत मॅडमही घाणाच म्हणायला लागल्या. हौसराव तिला घरी चिडवायचा, "आज किती रवा भाजला?"

ती हे काम जीव लावून करायची, कारण तिला कळलं होतं की ही कातडी शेवटी कुणासाठी आहे. ॲसिटोनच्या कॅनला हात लावताना तिच्या तळव्यांना घाम सुटायचा, तरी करायची. एकदा धीर करून तिनं मॅडमना विचारलंही, "आमच्या ह्यांच्या मानेला बसंल का कवातरी?" मॅडम खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अजून पेशीच नीट जगत नाहीत, सविताताई."

ते खरंच होतं. मॅडम पेशी बसवलेल्या दाण्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडाखाली ठेवायच्या आणि पडद्यावर चित्र यायचं. हिरवं ते जिवंत, लाल ते मेलेलं. प्रत्येक घाण्याला पडदा लालच असायचा, कुठंतरी कोपऱ्यात चार हिरवे ठिपके. सविता त्या लाल पडद्याकडं फार वेळ बघत नसे.

मग खंडेनवमी आली. सविताचा धीर सकाळपासून सुटत चालला होता. मॅडमनी सांगितलं, "हार घाला, नारळ फोडा, पेढे वाटा. पण सगळं दाराबाहेर. आत फुलाची पाकळीसुद्धा नको. पेशींना धूळ चालत नाही." बरोबरच होतं. पण हे शब्द सविता पूर्वी ऐकून चुकली होती, दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या साहेबाच्या तोंडून. दाराला हार घातला, नारळ फुटला, मॅडम फोनवर बोलत बाहेर गेल्या. सविता आत भांडी आवरत होती. ढवळायचं मशीन तिच्यासमोर नागडं उभं होतं. ना हार, ना गंध. दसऱ्यानंतर पुन्हा ह्याच्याजवळ ती रोज उभी राहणार होती, ॲसिटोनच्या कॅनशेजारी. तिनं गळ्यातल्या पुडीतला जेजुरीचा भंडारा काढला, चिमटीभर, आणि दांड्याच्या वरच्या टोकाला लावला. हात जोडले. "राख बाबा," म्हणाली. छाती हलकी झाली. दसरा झाल्यावर तिनं त्याच दांड्यावर नवा घाणा लावला.

तो घाणा किंचित पिवळसर उतरला. मॅडमना वाटलं, जिलेटिनची पिशवी नवी आहे, म्हणून असेल. सवितालाही तसंच वाटलं, किंवा वाटून घ्यावंसं वाटलं.

त्या घाण्याची पेशींची तपासणी झाली त्या दिवशी मॅडमची हाक ऐकून सविता हातातलं टाकून पळाली. तिला वाटलं आग लागली. आत मॅडम पडद्यासमोर उभ्या होत्या आणि पडदा हिरवागार होता. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पावसाळ्यातल्या शेतासारखा. लाल कुठं दिसेना. मॅडमनी शेजारी तुलनेला जुन्या घाण्यातले रिकामे, पेशी न बसवलेले दाणे ठेवले होते, ते काळेच होते. म्हणजे हिरवं ते पेशींचंच, असं दोघींनी धरलं. "जगल्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आता प्राण्यांवर बघायचं, मग परवानग्या, मग माणसं. वर्षं जातील. पण जगल्या."

सविता घरी पोचली तेव्हा तिच्याजवळ त्यातलं एकच वाक्य होतं. जगल्या. वर्षं जातील, हे ती वाटेत कुठंतरी सांडून आली होती. तिनं हौसरावाला सांगितलं, सासूला सांगितलं. सासू, सारजाबाई, उठून देवापुढं भंडारा उधळून आली. हौसराव दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मग आता मांडी सोलायची काय गरज? नवी कातडी येतीया म्हंजी थांबावं की. हितं कापायचं, तितं लावायचं... त्ये डॉक्टरला सांगून टाक, आमी येत न्हाई म्हनून." बोलताना त्याचा हात मांडीवर होता. सारजाबाई म्हणाली, "खरं हाय. खंडोबानंच वाट दावली." सवितालाही मनातून बरंच वाटलं. नवऱ्याला चाकूखाली घालायची तिची तरी कुठं हौस होती?

दिवाळी आली आणि गेली. एका दुपारी मॅडम तिला छापायच्या यंत्राचा निळा दिवा कसा धरायचा ते शिकवत होत्या. एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या. सविताच्या हातमोज्याला बोटाशी चीर गेली होती. ती मोजा बदलायला म्हणून थांबली, दिवा तसाच चालू, आणि उघडं बोट दिव्याखाली आलं. नखाच्या कडेला हिरवं चमकलं.

तिनं बोट चोळलं. तरी चमकलं. दुसरा मोजा काढला. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांवर, नखांच्या कडांना, तेच. सकाळी पिठल्याला हळद घातली होती ती चिमूट. आणि रंग? तो तिनं पाहिलेला होता. पडद्यावर. तोच, तसाच.

तिनं दिवा बंद केला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग बाहेर जाऊन पुडीतली चिमूटभर हळद कागदावर घेऊन आली. दिवा लावायला हात धजेना. लावला. कागदावरचा भंडारा असा पेटला की तिनं दचकून कागद खाली टाकला. मशीन राखावं म्हणून लावलेला भंडारा दांड्यावरून तेलात उतरला होता, तेलातून दाण्यात. हिरव्या झाल्या होत्या त्या पेशी नव्हत्याच. त्या बिचाऱ्या तशाच मेलेल्या असतील, हिरव्या उजेडात बुडालेल्या.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. सांगावं तर नोकरी जाणार, आणि नोकरीचं एक वेळ राहू द्या, मॅडमच्या तोंडावरचं ते हसू जाणार. पुण्यात प्राण्यांवर चाचणी करणाऱ्या मंडळींना त्यांनी कळवून टाकलं होतं, त्याच घाण्याची बाटली तिकडं गेली होती. न सांगावं तर? तर मेलेली कातडी जिवंत म्हणून पुढं जाणार. आज उंदराच्या पाठीवर, उद्या कुणाच्या तरी मानेवर. ती मान कुणाची, हे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. भाकरी थापताना तिचा हात थांबायचा. हळदीचा डबा उघडताना ती तोंड फिरवायची. ज्याच्या भरवशावर उभं राहायचं तेच उलटलं होतं, आणि आता कुणाला पुजायचं?

एवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. तारीख जवळ आली होती, येताय ना? हौसरावानं फोन तिच्या हातून घेतला. "नाव काडा," म्हणाला. "न्हाई येत आमी." पलीकडून सिस्टर काहीतरी समजावत होती, त्यानं फोन ठेवला आणि दुधात कुस्करलेली भाकरी खायला बसला. खालच्या ओठावरून दूध ओघळून मानेच्या त्या ताठ पट्ट्यावर आलं. त्यानं बाहीनं पुसलं आणि सविताकडं बघायला सगळं अंग फिरवलं. "तुझा रवा हाय की," म्हणाला, आणि हसला. तिच्या अर्ध्या वाक्यावर विसंबून हा माणूस आपला जबडा घालवायला निघाला होता.

सकाळी ती लॅबमध्ये मॅडमच्या आधी जाऊन पायरीवर बसली. मॅडम आल्या तशी उठली आणि चपला काढायच्याही आधी म्हणाली, "मॅडम, त्या घाण्यात भंडारा पडलाय."

मॅडमना आधी कळेच ना. मग सवितानं खंडेनवमीचं सांगितलं, दांड्याचं सांगितलं, नखांचं सांगितलं. मॅडम आत गेल्या. त्याच घाण्यातले कोरडे दाणे काढले, ज्यांना पेशी कधी शिवल्याही नव्हत्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पडदा हिरवागार झाला.

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "सविताताई, बाहेर बसा."

बाहेर बसणं म्हणजे काय ते सविताला त्या दिवशी कळलं. आतून फोनवर बोलल्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. शेजारच्या कंपनीतून वाफ सुटल्याचा फुस्स आवाज झाला तशी ती उभीच राहिली. मॅडम दारात आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि आवाज कोरडा. "पुण्याला सांगितलं. ती बाटली ते फेकून देतायत. का केलंत हे? मी नको म्हटलं होतं ना?"

"ह्यांच्या कंपनीत बी साहेब नको म्हनले व्हते," सविता म्हणाली. "त्या वर्षी पुजलं न्हाई, आन् झाकन उडालं."

"मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तुमी न्हाईच म्हनला असता."

मॅडमनी मागं दार लोटलं. त्या पायरीवर तिच्या शेजारी बसल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "रिकामे दाणे त्याच घाण्यातले लावायला हवे होते. जुने लावले. मलाही हिरवंच बघायचं होतं." पुढं म्हणाल्या, "चिडले आहे मी. अजून चिडणार आहे. पण तुम्ही आज बोलला नसतात तर मी कुठवर गेले असते, कोण जाणे."

"मॅडम, एक मागू?" सवितानं विचारलं. नोकरीचं ती विचारील, असं मॅडमना वाटलं असणार. "ह्यांना एकदा हे दाखवाल? माझ्या सांगन्यानं ते ऑपरेशनला न्हाई म्हनलेत. माझ्या सांगन्यानं आता पटायचं न्हाई."

मॅडमनी दाखवलं. हौसराव टोपी, मास्क, अंगरखा घालून पडद्यासमोर उभा राहिला. सविता त्याच्यामागं. पडदा उजळला तसा तो म्हणाला, "ब्बाबौ! हे समदं जित्तं?"

"न्हाई," सविता म्हणाली. "ह्यात कायबी न्हाई. जीव न्हाई, काय न्हाई. निस्ती हळद हाय. मीच लावली व्हती मशीनला. चुकून आत गेली."

हौसराव पडद्यावरून नजर काढेना. मॅडमनी त्याला आणखी एक चित्र दाखवलं, जुनं, खरं. सगळं लाल आणि कोपऱ्यात थोडे हिरवे ठिपके. "हे खरं आहे, दादा," त्या म्हणाल्या. "इथपर्यंतच आलोय आम्ही. तुमच्या मानेला थांबायला वेळ नाही." त्यानं मग सगळं अंग फिरवून बायकोकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता. राग नव्हता, काहीतरी आठवल्यासारखं होतं. तो बाहेर गेला. निघताना मॅडम सविताला म्हणाल्या, "ऑपरेशन आटपलं की या. ते भांडं आणि दांडा ॲसिटोननं तुम्हीच घासायचाय, मला हिरवा ठिपकासुद्धा दिसता कामा नये." नोकरी गेली नाही, हे सविताला घरी पोचल्यावर उमगलं, इतकी ती भ्यालेली होती.

हॉस्पिटलनं तारीख पुन्हा दिली. निघायच्या सकाळी सारजाबाईनं लेकाला पाटावर बसवून त्याच्या कपाळावर भंडाऱ्याचा मळवट भरला, बोटं दाबून, भरगच्च. "जा हौसा," म्हणाली. "आता त्येच राखंल."

पुण्याला ऑपरेशनच्या खोलीबाहेर हौसरावाला हिरवा झगा घालून चाकाच्या खाटेवर निजवलं. सिस्टर आली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "कपाळावरचं सगळं स्वच्छ पुसून घ्या. आत हळद-कुंकू चालत नाही." पाण्याची बाटली पुढं करून ती दुसऱ्या पेशंटकडं वळली.

सवितानं पदराचं टोक भिजवलं. हात कपाळापर्यंत नेला आणि तो पुढं जाईना. आत सुऱ्या होत्या, मशीनं होती, नवऱ्याला झोपवणारा वायू होता, आणि यातलं काही कुणी पुजलेलं नसणार. एवढी एक बोटभर हळद होती त्याच्या अंगावर, ती काढायची होती, आणि काढायची तिनंच. तिला मनातल्या मनात ते झाकण उडालेलं ऐकू आलं. "माझ्याच्यानं न्हाई व्हत," ती म्हणाली.

"पूस," हौसराव म्हणाला.

"नगा वो. त्या वर्षी पुजलं न्हाई म्हनून..."

"पुजलं व्हतं."

तिला वाटलं, ओठ मिटत नाही म्हणून तो काहीतरी भलतंच बोलला. त्यानं पुन्हा सांगितलं, छताकडं बघत, कारण मान वळत नव्हती. "त्या वर्षी बी पुजलं व्हतं. मीच. साहेब नगं म्हनले, मला बी तुझ्यावानीच करमंना. शिफ्ट सुटताना मागनं गेलो आन् झाकनाला भंडारा लावला. आईनं दिलेला. हात जोडलं. त्येच झाकन उडालं."

सविताच्या हातातलं पदराचं टोक गळत होतं. "मग येवढी वर्सं बोलला का न्हाई?"

"तुला काय सांगू? तू म्हनायची, पुजलं न्हाई म्हनून झालं. मला वाटायचं, र्‍हाऊंदे, हिला तेवढा तरी आधार हाय. पुजून बी झालं म्हनल्यावर मानसानं जायचं कुठं?" त्यानं हातानं तिचा पदर चाचपला. "परवा तुजा पडदा बघितला तवापासनं सांगायचं व्हतं. तूबी गुपचूप लावलास, मी बी गुपचूप लावला. पूस आता. सिस्टर येतीया."

तिनं पुसलं. पहिल्या पुसण्यानं मळवट गेला, पण कपाळाच्या आठ्यांत पिवळं राहिलं. सिस्टर लांबूनच म्हणाली, "अजून थोडं." तिनं पदर पुन्हा भिजवला आणि आठ्या बोटांनी ताणून, लेकराचं तोंड धुवावं तसं, एकेक रेघ साफ केली. कानशिलाजवळचा एक ठिपका राहिला होता, तोही. उघडं कपाळ तिनं कितीतरी वर्षांनी पाहिलं.

"गेलं का समदं?" त्यानं विचारलं.

"गेलं."

वॉर्डबॉयनं खाट ढकलायला घेतली. हौसरावानं तिचा ओला हात धरून ठेवला. यात्रेत पालखीपुढं नाचलेला माणूस, भाजून आला तेव्हाही बायकोला हसवणारा, मांडीच्या कातडीचं भय मांडीवर हात ठेवून लपवणारा. तो पहिल्यांदाच म्हणाला, "सविता, लई भ्या वाटतंय."

"मला बी," ती म्हणाली, आणि तिनं त्याचा हात सोडला.